ज्येष्ठमध की ज्येष्ठ मध

आमच्या माहेरी हळू बोलणारा माणूस म्हणजे आजारी माणूस. बाबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. प्यायला पाणी मागायचं तरी परेडला हुकूम दिल्यासारखं मागायचे. धाकटा भाऊ साताऱ्याच्या एमआयडीसीत मशिनींच्या खडखडाटात ओरडून बोलायला शिकला. मी लग्न होऊन सांगलीला आले आणि इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला लागले. हंगामात खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर धडधडत असतात, चार ड्रायव्हर एकदम बोलत असतात आणि त्या सगळ्यांच्या वर माझा आवाज चढवावा लागतो. घरी गॅलरीतून मी भाजीवाल्याला भाव विचारला की समोरच्या इमारतीतल्या बायका पिशव्या घेऊन खाली उतरतात.

आई तेवढी आमच्यात वेगळी. तिचा आवाज कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर गेला नाही. आता ती भावाजवळ साताऱ्यात असते. तिला कमी दिसतं आणि त्याहून कमी ऐकू येतं. कानातलं मशीन आणून दिलंय, पण हरवू नये म्हणून ती ते डब्यात जपून ठेवते. फोनवर तिला फक्त माझंच बोलणं नीट कळतं. भावजयीचा आवाज मऊ आहे, नातवंडं भरभर बोलतात, बाकीचे नातेवाईक तिच्या मते तोंडात सुपारी धरून बोलतात. म्हणून रोज संध्याकाळी सातला माझा फोन. मी हॅलो म्हणायच्या आधी तिचा प्रश्न येतो, "जेवलीस का?"

"आई, सातला कोण जेवतं?" मी रोज चिडते.

"मग काय खाल्लंस?"

बाबा गेल्यापासून हे चाललंय, आणि त्यात एक दिवसाचाही खाडा नाही. बाबा शेवटी आयसीयूत होते, श्वासासाठी घशात नळी घातलेली. आई रोज त्यांच्या उशाशी उभी राहायची आणि बाहेर येऊन मला विचारायची, "कवा बोलतील गं?" ज्या माणसाचा आवाज तिनं जन्मभर कान झाकून ऐकला, तो एकदा ऐकावा म्हणून ती थांबून राहिली. नळी निघाली ती ते गेल्यावरच. तेव्हापासून घशात नळी घालणं म्हणजे तिच्या लेखी सगळं संपणं.

यंदा हंगाम संपता संपता माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू, दुसऱ्या दिवशी घरी. मी विचारलं, भूल कसली? ते म्हणाले, पूर्ण भूल, घशात नळी घालून. हे त्यांनी आज सोमवार आहे म्हणावं तसं सहज सांगितलं आणि ऑपरेशन मला तिथंच नकोसं झालं. मरणाची भीती नव्हती. संध्याकाळी सातचा फोन आठवला.

कारखान्यातल्या एका बाईंचं असंच ऑपरेशन झालं होतं. नंतर कितीतरी दिवस त्यांचा घसा असा बसला होता की कोंबडं आरवायचं विसरावं. माझा आवाज तसा झाला आणि आईनं तो ऐकला, तर ती काय समजायचं ते समजेल. फोन केलाच नाही तर त्याहून वाईट. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहणार. बाहेरगावी गेलीय म्हणून सांगावं, तर बाहेरगावाहून मी फोन करतेच. तेव्हा ठरलं ते असं: आईला ऑपरेशनचं सांगायचं नाही, आणि त्याच संध्याकाळी सातला माझ्या नेहमीच्या आवाजात फोन करायचा. नवऱ्याला हा वेडेपणा वाटला. भाऊ मात्र लगेच तयार झाला, कारण आईला सांभाळायचं त्यालाच होतं.

घसा बसू नये म्हणून काय करावं, हे मी चारचौघांत विचारलं आणि पस्तावले. सांगलीत कुठल्याही दुखण्याचं सांगा, माणूस हळद सांगतो. हळदीचं दूध, हळदीच्या गुळण्या, हळद गुळात मळून गोळी. खालच्या मजल्यावरच्या काकू तर ऑपरेशनला जाताना जिभेखाली हळकुंडाचा तुकडा ठेव म्हणाल्या. मी म्हटलं, डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर मला हळदीच्या मार्केट यार्डात पाठवतील.

ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या. वयानं लहान, जतकडच्या, बोलण्याला कानडी हेल. वजन, बीपी, दात हलतात का, सगळं विचारून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"घसा किती दिवस बसेल?"

त्या हसल्या. "लोक विचारतात, मी परत उठेन ना. थेट घशावर आलेल्या तुम्ही पहिल्याच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांची नळी, आई, सातचा फोन. परक्या माणसाला एवढं सांगताना माझा आवाज थोडा कापला, त्याचा मला रागही आला. त्यांनी मध्ये कुठंही तोडलं नाही.

"नळी टाळता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ती जपून घालणं हे माझं काम. तुमच्या बाजूनं एक करता येईल. ज्येष्ठमध उकळून, गाळून, कोमट करून त्याच्या गुळण्या करायच्या, आत नेण्याच्या थोडं आधी. नंतर घसा कमी दुखतो, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत दिसतं. सगळ्यांना लागू पडेलच असं मी म्हणणार नाही."

"चालेल," मी म्हणाले. मला मीठ-मोहऱ्या ओवाळायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"पण आपल्या मनानं काही करायचं नाही. मी सांगेन तेव्हाच करायच्या, आणि एक थेंबसुद्धा गिळायचा नाही. उपाशी म्हणजे पूर्ण उपाशी, नाहीतर भुलेत पोटातलं वर येतं. मागे एक आजी साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या, उपास आहे म्हणून. परत पाठवावं लागलं."

नवरा शेजारी उभा राहून हे ऐकत होता. "ज्येष्ठमधाचं माझ्याकडं लागलं," तो म्हणाला. आमच्या संसारातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे, पण त्या वेळी माझं डोकं दुसरीकडं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साताऱ्याहून पहिल्या एसटीनं भाऊ आला. माझ्या अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा, हातात सुई, पोटात काल रात्रीपासून काही नाही. भावानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढून कॉटवर ठेवली.

"ताई, घे. ह्याच्यापेक्षा ज्येष्ठ मध अख्ख्या साताऱ्यात घावायचा न्हाई."

टॉवेल सोडला. आत काळपट झालेला, तळाशी साखर धरलेला मध होता. ही बरणी मी ओळखली. बाबांच्या पलटणीतल्या एका दोस्तानं महाबळेश्वराहून आणून दिलेला मध. आई तो कपाटात कुलपात ठेवायची आणि कुणाला ताप आला तरच चमचाभर काढायची.

"हे काय आहे?"

"मध. दाजींनीच फोन केलता. म्हणाले, ज्येष्ठ मध लागतोय, तुमच्याकडं जुना हाय तो घिऊन ये."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो मोठ्या समाधानानं उभा होता, काम वेळेत झालं म्हणून.

"अहो, ज्येष्ठमध ही काडी असते! झाडाचं मूळ! मध नव्हे!"

त्या वेळी मी ओरडले ते खालच्या मेडिकलवाल्यापर्यंत गेलं असणार. नर्स धावत आली आणि माझं बीपी बघायला लागली.

"मला काय माहीत?" नवरा म्हणाला. "ज्येष्ठ नागरिक म्हणजे वय झालेला नागरिक. मग ज्येष्ठ मध म्हणजे वय झालेला मधच ना?"

हिशेब बरोबर होता, फक्त उत्तर चुकलं होतं. आणि भावाला हसावं तर त्याचीही चूक नव्हती. ज्येष्ठमध आमच्या घरात होता, पण त्याला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ती 'बाबांची गोड काडी' होती. झेंडावंदनाला आमच्या वसाहतीत हुकूम द्यायचा मान बाबांचा. त्याच्या आधी दोन-तीन दिवस ते गालात ती काडी धरून हिंडायचे आणि सदऱ्याच्या खिशात एक जादा ठेवायचे, आम्हाला चघळायला. दुकानातून ती आणायला मला पाठवायचे, म्हणून नाव मला माहीत. भाऊ फक्त चघळणारा.

तेवढ्यात भुलेच्या डॉक्टर आल्या. त्यांनी बरणीकडं पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, आणि त्यांना सांगावंच लागलं नाही. हसू आवरत म्हणाल्या, "हा मध घरी गेल्यावर चपातीबरोबर खा. काडी कुठाय? आत्ता दुकानं उघडली नसतील."

मला रडूच यायला लागलं. खरं सांगायचं तर ज्येष्ठमधासाठी नव्हतं ते. आता आवाज जाणार, सातला आई तिकडून हॅलो हॅलो करत बसणार, एवढंच डोळ्यांपुढं आलं. नवऱ्याचा चेहराही उतरला. तो गणपती पेठेत जाऊन कुणाला तरी दुकान उघडायला लावतो म्हणून निघाला.

"थांबा दाजी," भाऊ म्हणाला. त्यानं पिशवी पुन्हा उघडली. आईच्या पिशवीत नेहमी असतं ते सगळं होतं, चटणी, लाडूंचा डबा, जुन्या साडीच्या घड्या. तळातून त्यानं एक फडक्याची पुरचुंडी काढली. "आईनं ह्या पण दिल्यात. म्हणली, असू देत."

पुरचुंडीत बोटाएवढ्या जाडीच्या तपकिरी काड्या होत्या. डॉक्टरांनी एक मोडली. आत पिवळीधमक, कोरडी, कीड नाही की बुरशी नाही. "अहो, हाच," त्या म्हणाल्या.

"आईला तू काय सांगितलंस?" मी भावाला विचारलं.

"काय न्हाई. तुझ्या लेकाला खोकला झालाय म्हणलं."

"आणि तिनं विश्वास ठेवला?"

"ठेवला की." तो खिडकीतून खाली रिक्षा बघायला लागला.

खोकल्यावर ज्येष्ठमध देतातच, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. मी मनाची समजूत घातली. शिवाय वेळ कुणाला होता? नवरा काड्या घेऊन खालच्या चहाच्या टपरीवर गेला. टपरीवाल्याकडून पातेलं दोनदा घासून घेतलं, काड्या ठेचल्या, उकळल्या, माझ्याच धुतलेल्या ओढणीनं गाळल्या. एवढ्या निगुतीनं त्यानं घरी कधी चहाही केला नव्हता. वर आणून दिलं तेव्हा डॉक्टरांनी आधी वास घेतला, चहा तर उकळला नाही ना म्हणून.

आमच्या आधीचं ऑपरेशन लांबलं. मग डॉक्टर म्हणाल्या, आता. मी पहिला घोट तोंडात घेतला आणि मान मागं टाकली. कोमट, गोड, मातकट. बाबांच्या सदऱ्याचा खिसाच जणू तोंडात आला. गिळायचं नाही, गिळायचं नाही, असं मनाशी म्हणत मी घशात गुळगुळ करत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. नर्सला वाटलं ठसका लागला. शेजारी डॉक्टर तस्त धरून उभ्या होत्या, प्रत्येक वेळी मी पुरतं थुंकले का ते बघत. पेला संपला तशा त्या म्हणाल्या, "चला, माझं काम आता."

आत फार थंडी होती. तोंडावर मास्क आला, कुणीतरी दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, आणि पुढचं मला काही माहीत नाही.

जाग आली तेव्हा पोट जड होतं आणि कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. जीभ वाळक्या लाकडासारखी झाली होती. माझ्या मनात एकच गोष्ट आली, आवाज. तोंड उघडायची भीती वाटली. उघडलं आणि काही निघालंच नाही तर? मग म्हटलं, कधीतरी बघावंच लागणार.

"वाजले किती?" मी विचारलं.

आवाज आला. थोडा खरबरीत होता, सकाळी उठल्यावर असतो तसा, पण माझा होता. गिळताना घशात किंचित टोचत होतं, बास. मी पुन्हा म्हटलं, "वाजले किती?" नर्स म्हणाली, "सांगितलं की बाई, ऐका तरी." मी वेळ ऐकतच नव्हते.

डॉक्टर बघायला आल्या. मी म्हटलं, तुमच्या काडीनं काम केलं. त्या म्हणाल्या, "काडीनं केलं असेल, जपून नळी घालण्यानं केलं असेल, तुमच्या नशिबानं केलं असेल. मला तिन्हीचं श्रेय घ्यायला आवडेल. आता सातपर्यंत कमी बोला."

सातपर्यंत मी जवळजवळ काही बोलले नाही. नवऱ्यानं हा काळ फार सुखात घालवला. माझ्यासमोर बसून त्यानं सगळा पेपर शांतपणे वाचला, आणि मधूनच वर बघून म्हणाला, "हा ज्येष्ठमध घरी थोडा आणून ठेवूया." मला हसता येत नव्हतं, टाके ओढत होते, म्हणून मी फक्त डोळे वटारले.

सात वाजले. भावानं खोलीचं दार लावलं, मला उशीला टेकून थोडं बसतं केलं. मी दोन घोट कोमट पाणी प्यायले, आता तेवढ्याची परवानगी होती. घसा खाकरायचा नाही असं बजावलं होतं. फोन लावला.

"हॅलो," मी म्हणाले, काट्यावरच्या बाईच्या जोरात, पोटाला ताण बसला तरी.

पलीकडून काहीच नाही. जेवलीस का, नाही. नुसता श्वास.

"आई, ऐकू येतंय का?"

"येतंय. बोल."

"काय बोलू?"

"काय बी बोल."

मी बोलायला लागले. सांगलीत ऊन मरणाचं आहे, गॅलरीतली तुळस करपली, कारखान्याचा हंगाम संपला, आता थोडी उसंत आहे. ती मध्ये एकदाही काही विचारेना. मी बोलत राहिले आणि ती ऐकत राहिली, रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्या तसं. शेवटी माझ्याजवळचं सगळं संपलं.

"तुझाच हाय आवाज," ती म्हणाली.

भाऊ खिडकीकडं तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवरून मला सगळं कळलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"खोकला लेकाला. ल्योक पुण्यात. आन् मध सांगलीला? मी काय खुळी हाय व्हय?" इतकं मोठं वाक्य ती फोनवर कधी बोलत नाही. "म्हणलं, खरं सांग, तवाच कपाट उघडते. मग सांगितलं त्यानं. आन् मध कशाला नेतोस म्हणलं, तुज्या बाची काडी मागितली आसंल डाक्टरनं. त्यो ऐकंना. म्हणला, दाजींनी मधच सांगितलाय. मग दोनी दिलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नळी घातली हुती न्हवं?" तिनं विचारलं.

"घातली होती. काढली पण, आई. सकाळीच काढली."

"काढली," ती म्हणाली. मग पुन्हा, "काढली."

मला ते ऐकवेना. विषय बदलायला म्हणून, जे तोंडात आलं ते मी विचारलं. तिचाच रोजचा प्रश्न. "तू जेवलीस का?"

"न्हाई."

"अगं, पण सकाळी खाल्लं असशील ना?"

"न्हाई. सूनबाईला म्हणलं, उपास हाय माजा."

"आज कसला उपास?"

"तुला उपाशी ठेवलं हुतं न्हवं. मग मी कशी खाणार? म्हणलं, तिचा फोन ईल, ती बोलंल, मग खाऊ." आणि ती म्हणाली, "आता बोललीस. आता जेवते."

फोन कसा बंद करायचा ते तिला अजून जमत नाही, तो तिच्या हातात तसाच चालू राहिला. भांड्यांचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला. मग आईनं भावजयीला हाक मारली, "वाढ गं मला!" एवढ्या मोठ्यानं तिला ओरडताना मी आजवर ऐकलं नव्हतं.